लघवीचा नमुना असा द्या की पुन्हा बोलावणं येणार नाही

लघवीच्या कल्चरचा (लघवीतले जंतू लॅबमध्ये प्लेटवर वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी हातात पडतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'मिश्र जंतूंची वाढ. नमुना दूषित असण्याची शक्यता. पुन्हा नमुना पाठवावा.' पेशंट लॅबवर चिडतो, लॅबवाले पेशंटवर. डबी देताना 'यात लघवी आणा' यापलीकडे बहुतेक वेळा कुणी काही सांगितलेलंच नसतं. विषय असा की सांगणाराही अवघडतो आणि विचारणाराही. त्यामुळे इथे आडपडदा न ठेवता, हात कुठे ठेवायचा इथपर्यंत सगळं लिहिलं आहे.

नमुना बिघडतो कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे शरीरातून बाहेर पडण्याची शेवटची वाट. मूत्राशयातल्या लघवीत जंतू असले तरी निरोगी माणसात ते फार थोडे असतात. मूत्रमार्गाच्या तोंडाशी, योनीभोवती, पुरुषांच्या पुढच्या कातडीखाली मात्र जंतूंची कायमची वस्ती असते. तिथे ते कुणाला त्रास देत नाहीत, पण लघवीबरोबर डबीत उतरले की कल्चरच्या प्लेटवर मजेत वाढतात. उगवलेला जंतू मूत्राशयातून आला की कातडीवरून, हे प्लेट पाहून खात्रीने ओळखण्याची सोय नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे डबीचं झाकण लागल्यापासून नमुना लॅबच्या टेबलावर पोचेपर्यंतचा वेळ. याकडे कुणाचं लक्षच जात नाही. कल्चरमध्ये कोणता जंतू आहे याबरोबर तो किती आहे हेही मोजतात. १ मिलीलिटर लघवीत १ लाख किंवा जास्त जंतू असतील तर तो खरा संसर्ग धरावा, हा आकडा अमेरिकी डॉक्टर एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात मांडला आणि तो आजही वापरात आहे. (जळजळ, वारंवार लागणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टर यापेक्षा बरीच कमी संख्याही गांभीर्याने घेतात.) आता हिशेब करा. डबीतल्या दर मिलीलिटर लघवीत कातडीवरून आलेले जेमतेम १,००० जंतू आहेत आणि डबी उबदार जागी पडून आहे. दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होतात असं धरलं, तर साडेतीन तासांत सात वेळा दुप्पट होऊन १,२८,००० होतात. म्हणजे संसर्ग नसलेल्या माणसाचा नमुना केवळ उशिरामुळे 'पॉझिटिव्ह' होऊ शकतो आणि त्याला नको ती अँटिबायोटिक सुरू होऊ शकते.

आधी विचारा: तपासणी नेमकी कोणती?

डबी घेतानाच हे विचारून घ्या, कारण सगळ्या तपासण्यांना एकच पद्धत चालत नाही. रुटीन तपासणीत साखर, प्रथिनं, पस सेल्स (पू झाल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी), रक्तपेशी वगैरे पाहतात. त्याला स्वच्छ कोरडी डबी चालते. कल्चरला मात्र सीलबंद निर्जंतुक डबीच लागते. दोन्ही तपासण्या असतील तर निर्जंतुक डबीतच, मधल्या धारेची लघवी घ्यायची.

क्लॅमिडिया किंवा गोनोरिया या लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांसाठी लघवी मागितली असेल तर पुढे दिलेली रीत बरोबर उलटी करावी लागते. तिथे मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तरावरचेच जंतू हवे असतात. त्यामुळे आधी किमान एक तास लघवी केलेली नसावी, जागा पुसायची नाही, आणि सुरुवातीचीच २०-३० मिलीलिटर धार डबीत घ्यायची. चांगल्या हेतूने मधली धार दिली तर खरा आजार निसटण्याची भीती असते. मूत्रमार्गाच्या क्षयासाठी सलग तीन दिवस सकाळच्या पहिल्या लघवीचे वेगवेगळे नमुने मागतात, आणि तेही भरपूर.

यापुढचं सगळं नेहमीच्या रुटीन आणि कल्चरच्या नमुन्याबद्दल आहे.

डबी

लॅबने दिलेलीच वापरा. जाम, सरबत किंवा औषधाची बाटली घरी कितीही घासली तरी नको. साखरेचा अंश राहिला तर लघवीत साखर दिसते, जंतुनाशक किंवा साबणाचा अंश राहिला तर लघवीत बुडवून रंग पाहण्याच्या तपासणीच्या पट्टीवर प्रथिनं खोटीच दिसू शकतात, आणि ब्लीच राहिलं तर रक्त. एवढ्याशा कारणाने पुढच्या चार तपासण्या मागे लागतात.

सील तुटलेलं असेल तर डबी बदलून घ्या. आत पांढरी पावडर दिसली तर ती घाण समजून धुऊ नका. ते बहुधा बोरिक ॲसिड असतं आणि जंतूंची वाढ रोखून धरण्यासाठी मुद्दाम घातलेलं असतं. अशा डबीवर एक रेघ असते, तिथपर्यंत लघवी भरावी लागते; कमी भरली तर पावडरीचं प्रमाण जास्त होऊन शोधायचे तेच जंतू मरू शकतात.

कधी द्यावा?

सकाळची पहिली लघवी चांगली, कारण ती रात्रभर साठलेली आणि दाट असते. लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करायला जंतूंना साधारण चार तास लागतात, आणि जंतूंची खूण म्हणून पट्टीवर दिसतं ते नायट्राइटच. सकाळची जमली नाही तर तीन-चार तास लघवी न करता मग द्या. लघवी यावी म्हणून लागोपाठ तांबे रिकामे करू नका. पाण्यासारखी पातळ लघवी आली की जंतूंची, पेशींची आणि प्रथिनांची सगळीच मोजणी खाली येते.

माझं मत विचाराल तर कल्चरचा नमुना शक्यतो लॅबमध्ये जाऊनच द्यावा. घरून आणलेल्या 'पहिल्या' पण दोन तास पिशवीत फिरलेल्या लघवीपेक्षा, चार तास थांबवून तिथेच दिलेली ताजी लघवी बरी.

अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी कल्चर द्या. एक-दोन गोळ्या पोटात गेल्या तरी प्लेटवर काहीच न उगवण्याची शक्यता असते, जळजळ मात्र तशीच राहते. गोळी आधीच घेतली असेल तर लपवू नका. नाव आणि वेळ फॉर्मवर लिहायला सांगा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांच्यामुळे पट्टीवर रक्त आणि साखर असूनही दिसत नाही.

पाळी चालू असताना, घाई नसेल तर नमुना पुढे ढकला. थांबण्यासारखं नसेल तर नवा टॅम्पॉन (योनीत ठेवायची कापसाची गुंडाळी) आत ठेवून, जागा पुसून नमुना द्या आणि पाळीचा उल्लेख नक्की करा. अंगावरून पांढरं खूप जात असेल तरीही टॅम्पॉनची ही युक्ती उपयोगी पडते.

बायकांसाठी: पायरीपायरीने

इथे अडचण अशी की हात दोन आणि कामं तीन: एका हाताने जागा उघडी धरायची, दुसऱ्याने पुसायची, आणि मग डबीही धरायची. नमुने बिघडतात ते बहुतेक या गडबडीत. त्यामुळे बसण्याआधी मांडामांड करून घ्या.

१. डबीवर नाव आधीच लिहा. ओल्या डबीवर पेन उमटत नाही. नाव झाकणावर नको, डबीच्या बाजूवर लिहा. लॅबमध्ये झाकणं निघतात.

२. साबणाने हात धुऊन स्वच्छ टॉवेलने किंवा कागदाने कोरडे करा. अंतर्वस्त्र पूर्ण उतरवा, गुडघ्यात अडकवून ठेवलं की पाय पुरेसे फाकत नाहीत.

३. डबी उघडा. झाकण आतली बाजू वर करून कोरड्या जागी ठेवा. झाकणाच्या आत, डबीच्या काठाला किंवा आतल्या भागाला बोट लागू देऊ नका. ज्या हाताने लिहिता त्या बाजूला, हात पोचेल अशा उंचीवर डबी ठेवा. पुसायचे तीन ओले गॉज किंवा लॅबने दिलेले पुसणे त्याच बाजूला.

४. कमोड असेल तर मागे सरकून, पाय चांगले फाकवून बसा. उकिडवं बसत असाल तर पाय नेहमीपेक्षा लांब ठेवा.

५. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या दोन बोटांनी दोन्हीकडचे ओठ बाजूला करा, लघवीची जागा मोकळी दिसली पाहिजे. हा हात आता डबी भरून बाजूला होईपर्यंत काढायचा नाही. सगळ्या यादीतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. हात सुटला की ओठ मिटतात, धार त्यांच्यावरून वाहत डबीत जाते आणि पुसलेलं सगळं वाया.

६. मोकळ्या हाताने पुसा, पुढून मागे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा मधोमध, दर वेळी नवा गॉज. मागून पुढे कधीही नाही, गुदद्वाराजवळचे जंतू नेमके हवे तिथे येऊन बसतात. साधं स्वच्छ पाणी पुरतं. डेटॉल, सॅव्हलॉन, योनी धुण्याची सुगंधी द्रावणं वापरू नका. त्यांचा थेंब डबीत गेला तर जंतू मरतात आणि खरा संसर्ग असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

७. पहिली धार सोडून द्या, दोन-तीन सेकंद. मूत्रमार्गात अडकलेले जंतू तिच्याबरोबर निघून जातात.

८. धार न तोडता डबी धारेखाली आणा. लघवी थांबवून पुन्हा सुरू करण्याची काही गरज नाही. तसं केलं की शेवटचे थेंब ओघळतात आणि कातडी पुन्हा भिजते. डबीचा काठ त्वचेला, केसांना, कपड्याला लागू देऊ नका.

९. अर्धी डबी झाली की बाजूला करा, उरलेली लघवी नेहमीसारखी करा. कल्चरला १० ते २० मिलीलिटर भरपूर होते. काठोकाठ भरलेली डबी झाकण लावताना सांडते आणि बाहेरून चिकट झालेली डबी कुणाला हातात धरवत नाही.

१०. झाकण घट्ट लावा, डबी बाहेरून पुसा, हात धुवा.

पुसण्याच्या पायरीने नेमका किती फरक पडतो याबद्दल अभ्यासांमध्ये एकमत नाही. पण याचा अर्थ पुसू नका असा काढू नये. एवढंच की पुसण्यात सगळं चित्त घालवून पाचवी आणि सातवी पायरी ढिली करणं हा उलटा व्यवहार झाला.

पुरुषांसाठी

काम तुलनेने सोपं. हात, डबी, झाकण वरच्याप्रमाणेच. पुढची कातडी असेल तर ती मागे ओढा, टोक ओल्या गॉजने छिद्राकडून बाहेरच्या दिशेने पुसा आणि लघवी होईपर्यंत कातडी मागेच धरून ठेवा. पहिली धार सोडा, मधली घ्या. झाल्यावर कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणा. ती मागेच राहिली तर सूज येऊन अडकते, आणि मग तातडीने डॉक्टरकडे पळावं लागतं. अंथरुणावर असलेल्या वयस्क माणसाचा नमुना घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तो स्वतः सांगेलच असं नाही. लहान मुलाची कातडी सहज मागे जात नसेल तर जबरदस्ती करू नका, वरून पुसलं तरी चालेल.

बाळ असेल तर

इथे खरी परीक्षा. बाळाला 'आता कर' म्हणता येत नाही आणि डबी बाजूला केली की नेमकी त्याच क्षणी धार उडते.

डायपर पिळून काढलेली लघवी किंवा कापसाचा बोळा दाबून मिळालेले थेंब कल्चरला चालत नाहीत. चिकटवायची पिशवी सोयीची दिसते, पण तिच्यात लघवी आजूबाजूच्या सगळ्या कातडीवरून फिरते. त्यामुळे पिशवीतल्या नमुन्यात काही उगवलं नाही तर संसर्ग नाही म्हणता येतं. उगवलं तर मात्र त्यावर विसंबता येत नाही, पुन्हा नीट नमुना घ्यावाच लागतो.

त्यापेक्षा हे करून पाहा. बाळाला पोटभर पाजा आणि वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. मग डायपर काढून जागा कोमट पाण्याने स्वच्छ करा, कोरडी करा. एकाने बाळाला धरा, दुसऱ्याने उघडी डबी घेऊन तयार राहा. गॉज थंड पाण्यात भिजवून बेंबीच्या खाली, ओटीपोटावर हलक्या हाताने गोल गोल फिरवा. थंड स्पर्शाने लघवीची उबळ येते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १ ते १२ महिन्यांच्या बाळांवर हे करून पाहिलं, तेव्हा ३१ टक्के बाळांनी पाच मिनिटांत लघवी केली. नुसती वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे दर तीन बाळांमागे दोघं तरीही दाद देत नाहीत, तेव्हा निराश होऊ नका. पहिला थेंब सोडून उडती धार डबीत झेला. बाळाला ताप असेल, ते मलूल असेल तर मात्र घरी तासन्‌तास झेलाझेली करत बसू नका. दवाखान्यात बारीक नळीने नमुना घेता येतो.

पॉटीत बसणाऱ्या मुलांची लघवी पॉटीतून डबीत ओतू नका. डबीच पुढे धरा.

कॅथेटर (लघवीची नळी) लावलेला असेल तर

खाली लटकणाऱ्या पिशवीतून नमुना कधीच घेऊ नये. तिथली लघवी कित्येक तास साठलेली असते आणि जंतूंना तेवढा वेळ पुरून उरतो. नळी आणि पिशवीचा सांधाही सोडवू नका, त्या वाटेने बाहेरचे जंतू आत जातात. नळीवर नमुना घेण्यासाठी एक खास जागा असते. ती स्पिरिटने पुसून, वाळू देऊन, निर्जंतुक सिरिंजने नर्स नमुना घेते. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि संसर्गाची शंका असेल, तर आधी नळी बदलून नव्या नळीतून नमुना घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. जुन्या नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर जमतो आणि रिपोर्ट त्या थराचा येतो, मूत्राशयाचा नव्हे.

डबी भरल्यानंतर

घड्याळ इथून सुरू. दोन तासांच्या आत नमुना लॅबमध्ये पोचला पाहिजे. नाही जमलं तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, २ ते ८ अंश सेल्सियसला. दारातल्या कप्प्यात नको, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. फ्रीझरमध्ये तर नकोच, गोठल्यावर पेशी फुटतात. थंड ठेवलेला नमुना कल्चरला २४ तासांपर्यंत चालतो. बोरिक ॲसिडच्या डबीला फ्रीज नसला तरी साधारण २४ ते ४८ तास मिळतात, पण लॅबने दिलेली मुदत पाळा. उन्हात उभ्या गाडीत डबी विसरली तर ती टाकून द्या आणि नवी मागा.

रुटीन तपासणीला मात्र फ्रीज हा नाइलाजाचा उपाय. थंड झाल्यावर लघवीतले क्षार खाली बसतात, नमुना गढूळ होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली नसलेलेच स्फटिक असल्यासारखं वाटू शकतं. बाहेर पडून राहिली तरी नुकसानच: जंतू साखर खाऊन टाकतात, लघवी अल्कधर्मी होते, रक्तपेशी आणि पस सेल्स विरघळू लागतात.

डबीवर नाव, वय, तारीख आणि लघवी घेतल्याची वेळ हवी. लोक वेळ हमखास गाळतात, आणि नमुना किती शिळा आहे हे समजायला लॅबकडे दुसरा मार्ग नसतो.

रिपोर्ट वाचताना

नमुना नीट दिला गेला का, हे रिपोर्टमध्येच कळतं. 'एपिथेलियल सेल्स' (अस्तराच्या पेशी) ही ओळ शोधा. त्यातल्या स्क्वेमस (चपट्या) प्रकारच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, पातळ, काठ दुमडलेल्या कागदासारख्या दिसतात, मधोमध छोटंसं केंद्रक. या पेशी त्वचेवरून, योनीतून आणि मूत्रमार्गाच्या शेवटच्या भागातून येतात. त्या खूप असतील तर धार डबीत येण्याआधी कातडीला लागली, हे समजून घ्यावं. त्यांच्या जोडीला थोडे पस सेल्स आणि जंतू दिसले म्हणून लगेच संसर्ग ठरत नाही.

कल्चरमध्ये तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवले तर तेही दूषित नमुन्याचंच लक्षण. मूत्राशयाच्या संसर्गात बहुतेक वेळा एकच जंतू असतो, आणि तो बहुधा ई-कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारा जंतू.

उलट बाजूही सांगायला हवी. जंतू एकाच प्रकारचा आहे, संख्याही १ लाखावर आहे, पण लघवीचा कसलाच त्रास नाही, असंही होतं. विशेषतः वयस्क माणसांत हे सर्रास आढळतं आणि बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर बायकांमध्ये आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधी मात्र त्यावर उपचार करतात. तेव्हा रिपोर्ट पाहून घरातली उरलेली अँटिबायोटिक सुरू करू नका.

नमुना पुन्हा मागितला तर नवी डबी घ्या आणि त्रास सहन होण्यासारखा असेल तर औषधाआधीच द्या. थंडी वाजून ताप, कमरेच्या एका बाजूला दुखणं, उलट्या असं काही असेल तर चांगल्या नमुन्याच्या नादात थांबू नका, सरळ डॉक्टरकडे जा. ते तिथेच नमुना घेऊन उपचार सुरू करतील. सगळी काळजी घेऊनही दोनदा दूषितच रिपोर्ट आला, लठ्ठपणामुळे किंवा हात थरथरत असल्यामुळे ओठ बाजूला धरणं जमतच नसेल, तर तसं मोकळेपणाने सांगा. मदतीला नर्स मिळू शकते, नाहीतर बारीक नळी घालून एकदाच नमुना काढता येतो. त्याला एक-दोन मिनिटं लागतात.